विश्लेषण : जुन्या छोट्या गाडीला शर्यतीचे टायर, निवड कशी होते आणि रस्त्यावर ते का चालत नाहीत?

नव्या टायरवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. धाराशिवसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यासाठी ट्रॅक्टरच्या टायरवरील कर 18 वरून 5 टक्के झाला, ही त्यातली मोठी बातमी. पण जुनी मारुती 800 किंवा फियाट पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांनाही या कपातीचा फायदा होतो. आता टायर बदलायचेच आहेत, तर साधे घ्यावेत की जरा रुंद, ‘रेसिंग’चे घ्यावेत, असा प्रश्न अशा वेळी हमखास पडतो. शर्यतीच्या मैदानावर छोट्या जुन्या गाडीचा टायर कसा निवडतात आणि त्यातले किती धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर कामाचे आहे, हे समजून घेऊ.

छोट्या जुन्या गाड्यांच्या शर्यती आपल्याकडे होत्या का?

होत्या. चेन्नईजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर फियाट 1100 आणि अ‍ॅम्बेसेडरसारख्या रोजच्या वापरातील गाड्याच शर्यतीत पळत. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक सुरू झाल्यावर शर्यती तिकडे गेल्या. मारुतीच्या इंजिनावरील ‘फॉर्म्युला मारुती’ या एकआसनी गाडीतून पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला धावला. महाराष्ट्रात त्या तोडीचा ट्रॅक दीर्घकाळ नव्हता. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतले अलीकडचे मराठी नाव पुण्याचे संजय टकले यांचे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी सौदी अरेबियातील डकार रॅलीच्या ‘क्लासिक’ वर्गात टोयोटा लँड क्रूझर चालवून रॅली पूर्ण केली. ती गाडी अर्थातच छोटी नव्हती.

टायर निवडताना आधी काय पाहतात?

नियमपुस्तक. पकडीचा विचार त्यानंतर येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींसाठी ‘एफआयए’चे वेगळे नियम आहेत. गाडी ज्या काळातली, त्या काळाला साजेशा मापाचे आणि बांधणीचेच टायर लावावे लागतात. 1960 च्या दशकातल्या गाडीला आजचा रुंद स्लिक लावून कोणी पुढे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. भारतातील राष्ट्रीय स्पर्धांमध्ये बहुतेकदा एकाच कंपनीचे टायर सर्वांना सक्तीचे असतात. एमआरएफ आणि जेके टायर ही त्यातली दोन नावे. म्हणजे चालकाच्या हातात उरते ते हवा, चाकांचा कल आणि टायर किती जुना वापरायचा एवढेच.

नायलॉन की रेडियल?

गॅरेजमध्ये ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात, तो म्हणजे आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांचा टायर. पद्मिनीचा मूळ 5.20-14 मापाचा टायर याच जातीचा. मारुती 800 चा 145/70 आर 12 हा रेडियल.

जुन्या शर्यतीच्या गाडीला नायलॉन जातीचा टायर लावण्यात केवळ हौस नसते. हा टायर वळणावर आधीच थोडा घसरू लागतो, पण हळूहळू घसरतो आणि चालकाला सावरायला वेळ देतो. रेडियल जास्त वेळ धरून ठेवतो. सुटला की मात्र एकदम सुटतो. शिवाय रेडियलला चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकलेला लागतो. पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांचे सस्पेन्शन हा विचार करून बनलेले नव्हते. त्यामुळे नुसता टायर बदलून वेग वाढत नाही, उलट टायरची एक कड लवकर झिजते.

आणखी एक बाब दुकानात कोणी सांगत नाही. टायरची पकड वाढली की तो सगळा ताण लोखंडी रिम, व्हील बोल्ट, बॉल जॉइंट आणि बेअरिंगवर येतो. चाळीस वर्षांपूर्वीचे हे भाग मूळ अरुंद टायरच्या पकडीच्या हिशेबाने बनले होते. म्हणून जाणकार मेकॅनिक चिकट टायर लावण्याआधी बोल्ट आणि बॉल जॉइंट बदलून घेतात, रिमला तडा आहे का ते तपासतात.

रबर मऊ असावे की कडक?

शर्यतीचे रबर साधारण 70 ते 100 अंश सेल्सिअस तापले की नीट पकड देते. त्याखाली ते लाकडासारखे वागते, फार वर गेले की वितळल्यासारखे होऊन सरकू लागते. टायर तापतो तो गाडीच्या वजनामुळे आणि वळणावरच्या जोरामुळे. मारुती 800 चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि ताकद सुमारे 37 अश्वशक्ती. मोठ्या गाडीसाठी बनवलेले कडक रबर तिला लावले तर शर्यत संपत आली तरी ते पुरेसे तापत नाही. म्हणून युरोपात हलक्या गाड्यांना मऊ रबर लावतात. आपल्याकडे मात्र दुपारी डांबरच इतके तापते की फार मऊ रबर काही फेऱ्यांतच उतरते. मग मधले रबर घ्यायचे, पहिल्या दोन फेऱ्या जपून काढायच्या आणि परत आल्यावर टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला सुईच्या थर्मामीटरने तापमान मोजायचे. मधला भाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा गरम असतील तर कमी.

28 चे 35 कसे होतात?

समजा सकाळी 30 अंशांत टायरमध्ये 28 पीएसआय हवा भरली. टायरमधली हवा 80 अंशांपर्यंत तापली की तीच हवा 35 पीएसआय दाखवते. गेजवर दिसतो तो वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब. त्यात वातावरणाचे 14.7 मिळवायचे, तापमानाच्या प्रमाणात वाढवायचे आणि 14.7 पुन्हा वजा करायचे. बारावीच्या भौतिकशास्त्रातला हा वायूचा नियम. शर्यतवाले उलट्या दिशेने हिशेब करतात. तापल्यावर 28 हवे असतील, तर थंड असताना 22 च्या आसपासच भरतात.

इथेच घोटाळा होतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्या भागात पंक्चरच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत सर्वत्र मिळतो. वरवर तो शर्यतवाल्यांसारखाच वाटतो, पण परिस्थिती वेगळी आहे. शर्यतीची गाडी एकट्या चालकाला घेऊन काही मिनिटे धावते, परत येते आणि हवा लगेच मोजली जाते. सोलापूरहून येडशी-येरमाळ्याकडे निघालेल्या गाडीत चार-पाच माणसे, डिकीत सामान आणि सलग तासाभराचा वेग असतो. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, सुटते, पुन्हा दबते. टायर आतून तापतो तो याच दबण्या-सुटण्याने. धागे रबरापासून सुटू लागतात आणि टायर फुटतो. नंतर लोक म्हणतात, उन्हाने फुटला.

कंपनीने दिलेला हवेचा आकडा थंड टायरसाठीच असतो आणि तापल्यावर दाब वाढणार हे त्यात धरलेले असते. वाटेत थांबून गरम टायरमधून हवा काढणे म्हणजे थंड झाल्यावर ती धोक्याइतकी कमी करून ठेवणे.

अल्टोचा टायर 800 ला लावला तर?

मारुती 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले. तिच्या 145/70 आर 12 मापापेक्षा अल्टोचा 145/80 आर 12 सहज मिळतो, रिम तेच बारा इंची, त्यामुळे तोच चढवला जातो. हिशेब करून पाहू. मूळ टायरचा व्यास सुमारे 508 मिलिमीटर, अल्टोच्या टायरचा 537. फरक पावणेसहा टक्क्यांच्या जवळपास. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी खरी पावणेपंच्याऐंशीच्या आसपास धावते आणि चाकावर मिळणारा जोर तेवढाच घटतो. शर्यतीत 37 अश्वशक्तीच्या गाडीला हे परवडत नाही. घाटात चार माणसांसह चढतानाही ते जाणवते. 165/60 आर 12 घेतला तर व्यास जेमतेम एक टक्का बदलतो, पण तेवढा रुंद टायर पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर बॉडीला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना, हे आधी पाहावे लागते. पावसात तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो, कारण हलक्या गाडीचे वजन जास्त रुंदीवर पसरते.

मग शर्यतीचे टायर मिळतात कुठे?

हल्ली निवड ठरते ती बहुधा या उत्तरावरच. इंग्लंडमधील मेल्कशम येथे एव्हॉन कंपनीचा शंभराहून अधिक वर्षे चाललेला कारखाना होता. जुन्या आणि छोट्या शर्यतीच्या गाड्यांना लागणारी विचित्र मापे तिथे बनत. 2021 मध्ये गुडइयरने त्याची मालक कंपनी कूपर विकत घेतली आणि 2023 अखेरीस कारखाना बंद झाला. (याच गुडइयरचा कारखाना आपल्या मराठवाड्यात वाळूजला आहे, तिथे अर्थातच हे टायर होत नाहीत.) जगभरातल्या हौशी चालकांना तेव्हा दुसरे माप, मग दुसरे रिम, मग नवी परवानगी अशी साखळी लागली.

भारतात अडचण दुहेरी आहे. जून 2020 मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ श्रेणीतून ‘मर्यादित’ श्रेणीत टाकली, म्हणजे परवाना आला. त्याआधीपासूनच वाहनांच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. थोड्या संख्येने बनणाऱ्या शर्यतीच्या टायरसाठी परदेशी कंपनी ते घेण्याच्या फंदात सहसा पडत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या आयोजकांमार्फत मिळणारा देशी टायर किंवा दुसऱ्याने वापरून विकलेला टायर, एवढेच पर्याय उरतात. वापरलेला घ्यायचा तर खाचांच्या खोलीपेक्षा तो किती वेळा तापून थंड झाला हे महत्त्वाचे. अशा प्रत्येक खेपेला रबर थोडे कडक होते. नवा दिसणारा जुना टायर म्हणूनच फसवतो.

तोच टायर रोजच्या गाडीला?

स्लिक टायरला खाचाच नसतात आणि कारच्या टायरवर किमान 1.6 मिलिमीटर खोलीची खाच हवी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. तेव्हा स्लिक रस्त्यावर बेकायदाच. मोजक्या खाचांचा ‘सेमी-स्लिक’ या मापात कदाचित बसेल, पण सकाळी घरातून निघताना तो थंड असतो आणि बाजारपेठेतल्या वेगात कधी तापतच नाही. म्हणजे साध्या टायरपेक्षा त्याची पकड कमी. पहिल्या पावसात, डांबरावर धूळ आणि तेलाचा चिखल झालेला असताना, ब्रेक मारल्यावर हे कळते.

गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली तर सूट मिळते का? जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आहे आणि अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मधली. तिला या यादीत यायला 2033 साल उजाडावे लागेल.

तोपर्यंत घरच्या 800 साठी टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बारा इंची टायरचे वय तिथेच लिहिलेले असते.