बोगद्यापलीकडचं गाव

मैत्रिणींनो, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेल्या उन्हाळ्यात मी नॉर्वेतल्या बर्गेनला दोन महिने राहून आले. डिंकाचे लाडू, शेकशेगडी सगळं यथासांग झालं; पण बाईसाहेबांचं एकच पालुपद, "ताई, तू गेलीस की माझं इथे कोण?" शेवटी एका रविवारी मेहुण्यांनी आम्हांला बाळासकट गाडीत घातलं आणि उन्द्रेदालला नेलं.

फियोर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली, डोंगरांत खोलवर शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. दोन्ही बाजूंनी हजार मीटरहून उंच कडे. वाटेत अकरा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो (मी रामरक्षा म्हणून टाकली, हसू नका!), मग दरीतून खाली उतरलं की पाण्याकाठी मूठभर घरं. माणसं जेमतेम शंभर, शेळ्या मात्र त्याच्या कितीतरी पट. बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे, चाळीसच माणसं बसतील एवढं. गावात रस्ता आला १९८८ साली. तोवर डॉक्टर म्हणा, बाजार म्हणा, सगळं होडीने. "आणि अडलेली बाळंतीण?" मी विचारलं. चीज विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "तीही होडीनेच." माझी बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली.

आता त्या चीजची गंमत ऐका. शेळीचं दूध फाडून पांढरं चीज काढतात आणि उरलेलं पाणी, जे आपण सरळ मोरीत ओततो, ते तासन्‌तास आटवतात. अगदी आपला खवा! त्यातली साखर तापून तपकिरी होते आणि पेढ्यासारखी, पण खारट-गोड वडी तयार होते. किसणीच्या पट्टीने पातळ काप काढून पावावर घालतात. पहिल्या घासाला शेळीचा वास येतो. दुसऱ्याला मी वाटी पुढे केली. जिथे बाहेरून काही यायचंच नाही, तिथे पाणीसुद्धा कोण टाकील?

घरी आल्यावर मी एक लिटर दुधाच्या पनीरचं पाणी आटवून पाहिलं. हाताला रग लागली आणि हाती आला लिंबाएवढा गोळा! गॅसच्या भावात तो परवडायचा नाही. त्यापेक्षा त्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. आमटीत घालणार असाल तर आधी चव बघा. लिंबाने फाडलेलं असेल तर आंबट लागतं.

निघताना आजींनी बाळाला घेतलं, तेवढ्यात बहिणीने सावकाश, दोन्ही हातांनी खाल्लं. कितीतरी दिवसांनी! चीजच्या कागदावर आजींनी आपला फोन नंबर लिहून दिला. तो कागद बहिणीच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. दर रविवारी मी विचारते, "केलास का गं फोन?" "करते गं, ताई," म्हणते.