हाडं कोणाची?

‘अफवा म्हणजे खोटी बातमी’ असं फळ्यावर लिहून आपण मोकळे होतो. मला ही व्याख्या पटत नाही. त्यासाठी ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

१८४८ मध्ये लुडविग लाइकहार्ट हा जर्मन संशोधक ऑस्ट्रेलिया पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायला निघाला आणि सगळ्या साथीदारांसह नाहीसा झाला. वीसेक वर्षांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात आदिवासींकडून कानावर आलं, आत ओसाड मुलखात गोऱ्या माणसांची हाडं पडलीत. १८६९ मध्ये अवघ्या २१ वर्षांचा जॉन फॉरेस्ट शोधायला पर्थहून निघाला. सोबत टॉमी विंडिच हा आदिवासी वाटाड्या. पाणी शोधत, विचारपूस करत सगळे पुढे गेले. आणि उलगडा काय झाला? हाडं घोड्यांची! १८५४ मध्ये रॉबर्ट ऑस्टिनच्या मोहिमेतले घोडे विषारी झुडूप खाऊन मेले होते, त्यांची.

मुलं लगेच म्हणतात, “म्हणजे आदिवासी खोटं बोलले!” इथे थांबा, उत्तर देऊ नका. हाडं खरी होती, गोऱ्यांची मोहीमही खरी होती. मग घोड्यांची माणसं कुठे झाली? मला वाटतं, ऐकणाऱ्यांच्या डोक्यात लाइकहार्ट आधीच बसला होता. पण हे मुलांनाच शोधू द्या. तास संपला तरी चालेल.

आणि हो, लाइकहार्टचं काय झालं हे मुलं विचारणारच. ते कोडं अजून सुटलेलं नाही.