विश्लेषण : अपडेटनंतर कॉम्प्युटर अडकला? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे समजून घ्या

२०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीतल्या ऊस शेतीच्या एआय प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीचं नाव जगभर चर्चेत आलं. पण बारामती-इंदापूर भागातल्या बहुतेक घरांचा या कंपनीशी संबंध उसाच्या फडात येत नाही, तो टेबलावरच्या कॉम्प्युटरमुळे येतो. रात्री आपोआप आलेलं विंडोजचं अपडेट बिघडलं, तर सकाळी मुलांचा प्रवेश अर्ज, दुकानाचा हिशोब किंवा सातबाऱ्याची स्कॅन केलेली प्रत, सगळंच अडकतं.

असं खरंच होतं का?

हो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज ११चं महिन्याचं अपडेट आलं. त्यानंतर अनेक कॉम्प्युटरवर ‘रिकव्हरी’च्या स्क्रीनमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले. एरवीच्या कामात फरक जाणवत नव्हता. पण कॉम्प्युटर सुरू होत नसेल, तर तो ज्या स्क्रीनवरून दुरुस्त करायचा तिथेच हात बांधले गेले. जुन्या गोल पिनचा कीबोर्ड किंवा टचस्क्रीन असणाऱ्यांचंच काम भागत होतं. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, तातडीचं दुरुस्ती अपडेट दिलं.

याआधी ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फाइल्सच पुसल्या होत्या. तेव्हा कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा आणलं गेलं.

कंपनी तपासून पाहत नाही का?

पाहते. पण विंडोज हजारो प्रकारच्या मदरबोर्ड, प्रिंटर आणि ड्रायव्हरवर चालतं. प्रत्येक जोडी आधी तपासणं शक्य नसतं. त्यामुळे काही बिघाड लोकांच्या घरी पोहोचल्यावरच समोर येतात. महिन्याचं मुख्य सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी, भारतात रात्री उशिरा येतं. पहिल्या काही दिवसांत जगभरातून तक्रारी येतात आणि गंभीर असतील तर दुरुस्ती निघते.

कॉम्प्युटर अडकला तर काय करायचं?

- ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं दिसत असेल तर थांबा. जुन्या हार्ड डिस्कवर याला तासभरही लागू शकतो. मध्येच बटण दाबलं किंवा वीज गेली, तर फाइल्स अर्धवट राहू शकतात. म्हणून लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वारंवार वीज जाण्याच्या वेळी अपडेट सुरू करू नका.
- विंडोज सुरू होत असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’, मग ‘अपडेट हिस्ट्री’ आणि शेवटी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तिथून ताजं अपडेट काढता येतं.
- सुरूच होत नसेल तर दोन-तीन वेळा सुरू होण्यात अपयश आल्यावर रिकव्हरी स्क्रीन सहसा आपोआप येते. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या क्रमाने जा.
- नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद असते. रिकव्हरीच्या वेळी ४८ अंकी ‘बिटलॉकर’ की मागितली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच मोबाइलवरून खात्यात लॉग-इन करून ती कागदावर लिहून ठेवा.

‘फॉरमॅट मारून देतो’ म्हटलं तर?

दुरुस्तीच्या दुकानात हा सगळ्यात झटपट उपाय असतो. पण फॉरमॅट म्हणजे त्या ड्राइव्हवरचं सगळं पुसणं. डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइल्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात. त्यामुळे आधी डेटा काढून घ्यायला सांगा. कॉम्प्युटर सुरू होत नसला तरी हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून डेटा बऱ्याचदा काढता येतो. डिस्क कुलूपबंद असेल तर त्यासाठीही तीच की लागते.

आणखी एक धोका म्हणजे इंटरनेटवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. कुणी रिमोट अॅप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.

मग अपडेट बंदच करून टाकावं का?

नाही. ते जास्त महागात पडू शकतं. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्याचा फटका जून २०१७मध्ये न्हावा शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला आणि कंटेनरचं काम विस्कळीत झालं.

मधला मार्ग आहे. विंडोज ११मध्ये ‘पॉज अपडेट्स’ वापरून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर आठवडाभर थांबा, काम संपवा आणि मग अपडेट घ्या. ‘प्रिव्ह्यू’ लिहिलेली अपडेट्स ऐच्छिक असतात. घरच्या कॉम्प्युटरला त्यांची घाई नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांचं काय?

त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कॉम्प्युटर चालत राहतो, पण नव्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्यास ती पैसे न भरताही घेता येते. ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो.

अपडेट कधी बिघडेल हे घरी बसून ओळखता येत नाही. पण महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर असेल, तर नुकसान एखाद्या दिवसाचं होतं, वर्षानुवर्षांच्या फोटोंचं आणि कागदपत्रांचं नाही.