चाक मोठें करावें, कीं वाट बरी करावी?

गेल्या महिन्यांत सोलापुरास आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. विषय जीपगाडीचा होता. आमच्या पुतण्याची शेती मोहोळ तालुक्यांत सीना नदीच्या बाजूस आहे. पक्की सडक सोडली म्हणजे वस्तीपर्यंत अर्धा कोस काळ्या मातीची पाणंद लागते. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेस मोठा पूर आला, त्या दिवसांत पाणंदींत गाडी पोटावर टेकली आणि दम्यानें बेजार झालेल्या आमच्या वृद्ध वहिनींस खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावें लागलें. तेव्हांपासून चिरंजीवांनीं मनाशीं गांठ मारली होती. ते म्हणाले, "काका, यंदा गाडी तीन इंच उचलून घेतों, मोठे टायर घालतों, आंसही भक्कम करतों. आईची तशी दशा पुन्हां होऊं द्यावयाची नाहीं."

हेतु उत्तम, त्यास कोणी नांवें ठेवावीं? परंतु हेतु चांगला असला म्हणून हिशेब आपोआप बरोबर येतो असें नाहीं. कारागिरानें दिलेला अंदाज असा होता: नवे कमानपाटे व शॉकॲब्सॉर्बर, ९०,००० रुपये, पांच टायर, १,००,००० रुपये, आंसाचे दांडे, डिफरन्शियलचीं दांतेचाकें व मजुरी, १,५०,००० रुपये. एकूण ३,४०,००० रुपये!

आतां या पैशानें मिळतें काय, तें पाहूं. जुन्या घडणीच्या जीपला पुढेंमागें सलग आंस असतो आणि त्यास जडलेला डिफरन्शियलचा गोळा खालीं लोंबतो. कमानपाटे बदलून गाडी उंच केली म्हणजे वरचा सांगाडा तेवढा वर जातो. गोळा जेथल्या तेथें राहतो. आणि खोल चाकोरींत बहुधा आधीं टेकतो तो हा गोळाच. त्यास वर उचलणारी वस्तु एकच, ती म्हणजे मोठें चाक. आणि तेंही अर्ध्या हिशेबानें. चाकाचा व्यास दोन इंच वाढला, तर गोळा एकच इंच वर येतो. मोठें चाक सांगाड्यास घासूं नये, यासाठीं कमानपाट्यांचा निम्मा खटाटोप!

एक खर्च दुसऱ्यास हांक मारतो तो येथूनच. चाक मोठें व जड झालें कीं आंसाच्या दांड्यांवर अधिक पीळ बसतो. इंजिनास ओढ कमी पडते, म्हणून दांतेचाकांचें प्रमाण बदलावें लागतें. ब्रेक पूर्वीइतका लवकर लागत नाहीं, आणि वेगदर्शक कांटा खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवितो. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें वळणावर उलटण्याचें भय वाढतें तें निराळेंच. कायद्याचाही विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कलम कसोशीनें लागू केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत.

ही चर्चा चालली असतां वहिनी माजघरांतून म्हणाल्या, "अरे, आतांच त्या गाडींत चढतांना मला पाट लागतो. आणखी तीन इंच उंच केल्यावर शिडी लावणार आहेस काय?" ज्यांच्यासाठीं सारा उद्योग, त्यांस विचारावयाचेंच राहून गेलें होतें!

सह्याद्रीच्या दगडधोंड्यांतून ज्यांस नित्य जावें लागतें, त्यांस रीतसर परवानगीनें असा खर्च करणें शोभेल. आमच्या सोलापूरकडील अडचण दगडाची नसून मातीची आहे. ही काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसांत फुगते, आणि टायरच्या खांचा अशी लिंपून टाकते कीं चाक जागच्या जागीं गुळगुळीत होऊन फिरूं लागतें. तेथें भक्कम आंस असला तरी तो काय करणार? तिला उपाय जुनाच आहे: कडेनें चर खणून पाण्यास वाट द्यावी, आणि वर मुरूम दाबून बसवावा.

अखेर ठरलें तें असें. झिजलेले बुश व शॉकॲब्सॉर्बर बदलावे. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्यावे. मऊ जमिनींत त्यांतील हवा थोडी कमी करावी आणि सडकेस लागण्यापूर्वीं पुन्हां भरावी. उरलेल्या रकमेंतून मुरुमाचा आपला वांटा काढून शेजारच्या शेतकऱ्यांस गांठावें, आणि २०२१ सालीं राज्य सरकारनें काढलेल्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेसाठीं ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

पुतण्याचा चेहरा किंचित् उतरला. तरण्या माणसास उंच गाडीची हौस असतेच, आणि तो कांहीं गुन्हा नव्हे. मग तो म्हणाला, "हस्ताच्या पावसांत पाणंद टिकली नाहीं, तर काका, पुन्हां सभा भरवीन." आम्हीं ती अट मान्य केली. उंच केलेली गाडी फार तर आमच्या एका घरच्या उपयोगाची. वाट सुधारली तर दूधवाला, शाळेचीं मुलें आणि रात्रीं बोलावलेली रुग्णवाहिका, सर्वांचीच सोय होते. वहिनींस पुन्हां खाटेवर घालावें लागूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.