गंगाजल, हॅनकिन आणि जिवाणू फोडणारी जनुके

१/ १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. पाचोऱ्यासारख्या स्थानकावरून भुसावळ-इटारसीमार्गे प्रयाग-काशी गाठणे खानदेशातील यात्रेकरूंना शक्य झाले. परतताना तोंड बंद केलेले गंगेचे गडू येत, घरी मावंदे होई. हे पाणी नासत नाही, ही श्रद्धा जुनीच. अलीकडे तिला विज्ञानाचा दाखला जोडला जातो : ‘१८९६ मध्ये हॅनकिनने गंगेत जिवाणुभक्षक विषाणू, म्हणजेच फेज, शोधला.’ हा दाखला पुराव्यावर टिकत नाही.

२/ अर्नेस्ट हॅनबरी हॅनकिन हा आग्र्याच्या प्रयोगशाळेतील जिवाणुशास्त्रज्ञ. त्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात १८९६ साली लिहिले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू काही तासांत मरतात. उघड्या भांड्यात उकळले की पाण्याचा हा गुण जातो. हवाबंद नळीत तापवले तर मात्र टिकतो. म्हणून पाण्यात एखादे उडून जाणारे द्रव्य असावे, असा तर्क त्याने मांडला.

३/ सगळी मेख त्या हवाबंद नळीत आहे. फेज म्हणजे प्रथिनांच्या कवचात बंद असलेली जनुके. उकळण्याइतक्या उष्णतेत बहुतेक फेज निकामी होतात, मग नळी उघडी असो वा बंद. २०११ मध्ये स्टीफन अबेडन व सहकाऱ्यांनी याच आधारे हॅनकिनचा निबंध फेजचा पुरावा मानण्यास हरकत घेतली. ती हरकत रास्त आहे.

४/ दुसरी उणीव अधिक मोठी आहे. द्रव्य वाटले की विरळ होते. फेज वाटला तरी वाढतो. फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेलने १९१७ मध्ये नेमके हेच दाखवले. देरेलच्या प्रयोगात निवळलेल्या नळीतला थेंब जिवाणूंनी गढूळ झालेल्या दुसऱ्या नळीत टाकला की तीही निवळते, मग तिसरी, मग चौथी. असे का घडते, याचे उत्तर पुढे जनुकांत सापडले.

५/ देरेलने दिलेल्या ‘बॅक्टेरिओफेज’ या नावाचा अर्थ जिवाणू खाणारा. प्रत्यक्षात फेज खात नाही. तो जनुके आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती घडवून घेतो आणि मग भिंत आतून पाडतो. एस्थर लेडरबर्ग यांना सापडलेला, १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेला लॅम्डा फेज याचा उत्तम नमुना आहे.

६/ लॅम्डाच्या R जनुकापासून पेशीभित्तिका तोडणारे विकर बनते. पण ते पेशीच्या आत अडकलेले असते. भित्तिका आतल्या पटलापलीकडे असते. S जनुकाचे प्रथिन, होलिन, त्या पटलात साचत राहते आणि ठरल्या क्षणी एकाएकी मोठी छिद्रे पाडते. विकर बाहेर पडते, भित्तिका विरते. शेवटी Rz आणि Rz1 यांची प्रथिने बाहेरचे पटलही मोडतात. पेशी फुटते, नवे फेज मोकळे होतात.

७/ म्हणजे S हे घड्याळ आहे. त्याच जनुकापासून किंचित लांब असे दुसरे प्रथिनही बनते आणि ते होलिनला आवर घालते. स्फोट लवकर झाला तर प्रती अपुऱ्या. उशीर झाला तर नवे भक्ष्य हुकते. S निकामी केले तर पेशीत फेज साचत जातात, पण पेशी फुटत नाही.

८/ छोट्या फेजना इतका सरंजाम परवडत नाही. फाय-एक्स-१७४ या फेजची संपूर्ण जनुकसंहिता केवळ ५,३८६ अक्षरांची. फ्रेडरिक सँगरच्या गटाने ती १९७७ मध्ये वाचली. त्यात E हे जनुक D जनुकाच्या पोटातच दडलेले आहे. E चे प्रथिन भिंत तोडत नाही. भिंतीचा माल बनवणारे जिवाणूचे विकरच बंद पाडते. वाढणारी पेशी मग स्वतःच फुटते. पेनिसिलिनचा घावही भिंतीच्या बांधकामावरच पडतो.

९/ गंगेत फेज नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. जिथे जिवाणू तिथे फेज. तापी-गिरणेतही ते असणारच. पण प्रत्येक फेज ठरावीक जिवाणूंनाच धरतो. ‘फेज आहेत, म्हणून पाणी शुद्ध’ हा निष्कर्ष म्हणूनच घातक आहे. त्या भरवशावर न उकळलेले पाणी प्यायले, तर पटकी आणि विषमज्वर हॅनकिनचा निबंध वाचून थांबत नाहीत.

१०/ प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना फेजची भित्तिकाभेदी विकरे औषध म्हणून तपासली जात आहेत. या विद्येचे खरे मोल तिथे आहे. हॅनकिनचा मानही शाबूत राहतो : त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवले, हवाबंद नळीसकट. त्याच्या नोंदीतला सोयीचा अर्धा भाग उचलणे हा इतिहास नव्हे. देवघरातील गडू श्रद्धेचा आहे. त्याला उसन्या दाखल्याची गरज नाही.