अंतराळवीरांना घरापर्यंत सोडा

अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर अंतराळातील २८६ दिवसांच्या मुक्कामानंतर १८ मार्च २०२५ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. यानातून बाहेर येताच दोघांना स्ट्रेचरवर घेण्यात आले. दीर्घ मोहिमेनंतर ही नेहमीची खबरदारी असते. भाररहित अवस्थेत महिनोन् महिने काढल्यावर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. उभे राहिले की रक्तदाब उतरतो, नुसती मान वळवली तरी गरगरते.

पुढचे सुमारे ४५ दिवस पुनर्वसनाचे. व्यायाम आणि वैद्यकीय तपासण्यांसाठी ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात वारंवार जावे लागते. पण अशा अवस्थेत गाडीचे स्टिअरिंग हाती घेणे त्यांच्याही जिवाला धोक्याचे आणि रस्त्यावरच्या इतरांच्याही.

सरकारी गाडी हा यावरचा सरळ उपाय; पण ती घर ते कार्यालय या प्रवासासाठी वापरण्यावर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात कडक बंधने आहेत. सरकारी वाहनांचा गैरवापर थांबवण्यासाठी ती योग्यच आहेत. मात्र याच कायद्यात गुप्तवार्ता, व्यक्तिसंरक्षण सेवा, क्षेत्रीय काम यांना सवलत आहे. परतलेल्या अंतराळवीराची गरज त्याहून कमी कशी ठरेल? त्याला झालेला त्रास कर्तव्य बजावतानाच झालेला आहे आणि त्याच्या तपासण्यांतून मिळणारी माहिती पुढच्या चांद्रमोहिमांना लागणार आहे.

म्हणून डॉक्टर गाडी चालवण्याची परवानगी देईपर्यंत सरकारी वाहन व चालक देण्याची तरतूद कायद्यातच स्पष्ट असावी. हा भार कुटुंबीयांवर किंवा सहकाऱ्यांच्या सौजन्यावर टाकू नये. अंतराळवीर सुखरूप घरी पोहोचेपर्यंत मोहीम पूर्ण झाली असे सरकारने मानू नये.