लेन चार झाल्या, पण घाटातल्या वळणाचं काय? चाकांचं गणित समजून घ्या

मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणावर रत्नागिरीत दोनच प्रश्न ऐकू येतात: काम कधी संपणार आणि लेन किती? आंबा घाटासाठी मला तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: वळणाची त्रिज्या किती?

कारण साधं आहे. चाक पुढे-मागे फिरतं, आडवं सरकत नाही. त्यामुळे वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. किती आतून? इथे शाळेतला पायथागोरस पुरतो. पुढच्या चाकांची वाट 12 मीटर त्रिज्येची धरून मी हिशेब केला:

• कार (पुढच्या-मागच्या चाकांत 2.5 मीटर): सुमारे 26 सेंटिमीटर आत
• बस (6 मीटर): सुमारे 1.6 मीटर आत
• ट्रेलर (पुढचं इंजिन 3.5 मीटर, मागचा सांगाडा 8 मीटर): जवळपास पावणेचार मीटर आत

ट्रेलरचा आकडा लांब वळणाचा आहे, छोट्या वळणावर तो थोडा कमी येतो. तरी महामार्गाची एक लेन साधारण 3.5 मीटरची असते, हे लक्षात घ्या. म्हणजे ट्रेलरवाला वळणाआधी बाहेर जातो ती बहुतेक वेळा मुजोरी नसते. त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो.

चाकांच्या अशा अटींना ‘नॉनहोलोनोमिक’ म्हणतात. हा शब्द हाइनरिक हर्ट्झने 1894 मध्ये दिला. गंमत म्हणजे ही अट दिशा अडवते, जागा नाही. पुढे-मागे करत कार अरुंद पार्किंगमध्ये बसतेच. असा सगळ्यात छोटा मार्ग कसा काढायचा, हे रीड्स आणि शेप यांनी 1990 मध्ये दाखवलं. गाडी आपोआप पार्क करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते गणित कामाला येतं. घाटात मात्र असं एकदा ‘मागे’ घ्यायचं म्हणजे मागची अख्खी रांग थांबते.

मोबाईलच्या नकाशात रस्ता म्हणजे एक निळी रेघ. मागची चाकं कुठून जाणार, हे ती रेघ सांगत नाही. म्हणून रस्त्याच्या आराखड्यात लेनसोबत वळणाची त्रिज्या आणि तिथली जादा रुंदी विचारा. आणि बाईकवर असाल तर वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या मोकळ्या जागेत घुसू नका. ती जागा त्याच्या मागच्या चाकांची आहे.